एक कोयता म्हणजे किती माणसं?

बीड जिल्ह्यात हा प्रश्न कुणालाही विचारा, उत्तर एकच येतं: दोन. नवरा आणि बायको. ऊसतोडीच्या धंद्यात 'कोयता' हे हत्याराचं नाव आहे आणि माणसं मोजायचं मापही आहे. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर, टोळी किती मोठी ते सांगतात कोयत्यांवर. जोडीतलं एकच माणूस आलं तर तो अर्धा कोयता.

माझ्या पीएच.डी.चा विषय या मापात न बसणाऱ्या माणसाबद्दल आहे. दसरा-दिवाळीच्या आगेमागे जोडी कारखान्याला निघते, तेव्हा मागे राहिलेलं घर कोण चालवतं? पुष्कळ घरांत आजी-आजोबा असतात. काही घरांत आजी असते, पण तिलाच कुणीतरी सांभाळावं लागतं. आणि काही घरांत तेरा, चौदा, पंधरा वर्षांची मुलगी असते, क्वचित मुलगा. आईबाप लेकरांना सोबत घेऊन गेले तरी चित्र फार बदलत नाही. पहाटे आईबाप फडात गेले की कोपीत तान्ह्याला मांडीवर घेऊन बसलेलं दुसरं लेकरूच असतं.

अशा मुलांबद्दल मानसशास्त्र आणि मानववंशशास्त्रात गेली पन्नास-साठ वर्षं काम चालू आहे. त्यातलं काय सापडलंय, बीडला त्यातलं काय लागू पडतं, काय पडत नाही, हे या पोस्टमध्ये सांगतो. वाचणाऱ्यांत शिक्षक आहेत, अंगणवाडी ताई आहेत, आणि स्वतः अशा घरात थोरले म्हणून वाढलेलेही असतील. त्यांना उपयोग व्हावा, एवढाच हेतू.

आधी परिस्थिती थोडक्यात

पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, धारूर, वडवणी, केज, परळी हा बालाघाटच्या डोंगररांगांचा आणि त्याच्या आसपासचा भाग. शेती बरीचशी पावसावरची. खरीप निघाला की हाताला काम नाही. म्हणून पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या साखर कारखान्यांच्या भागात ऊस तोडायला जायचं, ऑक्टोबर-नोव्हेंबरात निघायचं आणि कारखान्याचा पट्टा पडला की मार्च-एप्रिलात परत यायचं. म्हणजे शाळेचं वर्ष जूनमध्ये सुरू होतं आणि त्याचं दुसरं सत्र जवळजवळ अख्खं हंगामात जातं. दहावीची परीक्षा साधारण मार्चमध्ये असते. ती नेमकी आईबाप घरी नसतानाच येते.

यातली खरी गोम म्हणजे उचल. पैसे आधी घेतलेले असतात, ते ऊस तोडून फेडायचे असतात. एक दिवस कामावर गेलं नाही तर खाडा लागतो. हंगाम अर्धवट सोडून यायचं तर फिटली नाही ती उचल डोक्यावर राहते. त्यामुळे मागं राहिलेलं लेकरू तापानं फणफणलं तरी आईला 'येते' म्हणता येत नाही. हे नीट ध्यानात ठेवा, कारण पुढे 'दुर्लक्ष' हा शब्द येणार आहे आणि तो कुणाला लावायचा हा साधा प्रश्न नाही.

बरं, आई परत आल्यावर तरी थोरलीचं काम सुटतं का? २०१९ साली बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा विषय राज्यभर गाजला. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यांतल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. सहा जणींत एक, असं धरा. या आकड्याची चर्चा बाईच्या आरोग्याच्या अंगानं झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. पण त्याला दुसरं अंगही आहे. ऑपरेशननंतर आई महिनोन्‌महिने वजन उचलू शकत नाही, कंबर धरून बसते, तेव्हा हंडा कुणाच्या डोक्यावर जातो? पट्टा पडल्यावरही थोरलीची ड्यूटी संपत नाही ती अशी.

या कामाला शास्त्रात नाव काय आहे?

१९६७ साली साल्वादोर मिनुचिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यूयॉर्कमधल्या गरीब कुटुंबांवरचं पुस्तक काढलं. त्यात त्यांनी 'आईबापासारखं मूल' अशी एक भूमिका नोंदवली. मोठ्या कुटुंबात, एकट्या आईच्या घरात, एखादं मूल बाकीच्यांचं खाणं-पिणं, शिस्त, भांडणं सगळं बघतं. मिनुचिन यांचं म्हणणं असं होतं की ही व्यवस्था आपोआप वाईट ठरत नाही. आईनं अधिकार उघडपणे दिला, किती आणि कुठपर्यंत ते सांगितलं, तर मूल त्यातून शिकतं, जबाबदार होतं. अडचण होते ती मोठ्यांनी काही न सांगता अंग काढून घेतलं तर. मग मुलाकडे जबाबदारी पूर्ण येते, अधिकार मात्र येत नाही. धाकटा म्हणतो, 'तू कोण मला सांगणारी?' आणि तिच्याकडे उत्तर नसतं.

पुढे १९७३ साली इव्हान बोसोरमेनी-नागी आणि जेराल्डिन स्पार्क यांनी याच गोष्टीसाठी 'पॅरेंटिफिकेशन' हा शब्द रुळवला. मराठीत मी त्याला 'अकाली पालकपण' म्हणतो. थेसिसमध्ये हाच शब्द टिकेल की नाही माहीत नाही, पण बोलताना चालतो. गावाकडे तर त्याला वेगळं नावच नाही. 'थोरली हाय, बघती समदं' एवढ्यात ते येऊन जातं.

नागींच्या मांडणीतली एक कल्पना मला बीडसाठी फार नेमकी वाटते. ते म्हणायचे, प्रत्येक कुटुंबात एक न लिहिलेली खातेवही असते. कुणी कुणासाठी काय केलं, कुणाचं कुणाकडे काय निघतं, हे सगळ्यांच्या मनात मांडलेलं असतं. मुलानं आईबापासाठी, भावंडांसाठी केलेलं काम त्या वहीत जमा झालं, म्हणजे कुणी ते पाहिलं, मानलं, कधीतरी फेडलं, तर मूल त्यातून उभं राहतं. जमा झालंच नाही तर ते आयुष्यभर देत राहतं, किंवा पुढे भलत्याच माणसाकडून वसूल करायला बघतं, बऱ्याचदा स्वतःच्या मुलांकडून. आता मुकादमाची वही आठवा. तिच्यात कोयता आहे, उचल आहे, खाडे आहेत. कोयता सहा महिने फडात उभा राहू शकतो, कारण मागचं घर कुणीतरी धरून ठेवलंय. त्या 'कुणीतरी'ची नोंद ना मुकादमाच्या वहीत असते, ना कारखान्याच्या, ना पुष्कळदा घरातल्या.

ओझं दोन प्रकारचं असतं

एक चित्र डोळ्यासमोर आणा. ही कुणी एक खरी मुलगी नाही, समजायला सोपं जावं म्हणून जुळवलेलं चित्र आहे. थोरली पंधराची, दहावीत. भाऊ दहा वर्षांचा. बारकी चार वर्षांची. आजी आहे, पण तिला दिसत नाही. थोरली पहाटे उठून पाणी भरते, भाकरी थापते, बारकीची वेणी घालते, तिला अंगणवाडीत सोडते. अंगणवाडी दुपारी सुटते, हायस्कूल संध्याकाळी. म्हणून ती मधल्या सुट्टीत घरी येते आणि पुष्कळदा परत जात नाही. हजेरीपटावर तिचा अर्धा दिवस दिसतच नाही. राशन आणणं, पीठ दळून आणणं, दुकानदाराची उधारी लक्षात ठेवणं, आजीच्या गोळ्या बघणं, हे सगळं तिच्याकडे.

हे झालं कामाचं ओझं. संशोधनात याला साधनात्मक पालकपण म्हणतात. दिसतं, मोजता येतं, कुणी वाटून घेतलं तर हलकंही होतं.

दुसरं ओझं मनाचं. रात्री फोनवर आई विचारते, 'बरं हाय का समदं?' भावाला तीन दिवस ताप आहे, पण ती म्हणते, 'बरं हाय. तू नको काळजी करू.' कारण आईला यायला जमणार नाही हे तिला माहीत आहे, आणि सांगितलं तर आई रात्रभर रडेल हेही माहीत आहे. म्हणजे ती आता धाकट्यांबरोबर आईचीही समजूत काढते आहे. बाप पिऊन फोनवर ओरडला तर ते धाकट्यांच्या कानावर जाऊ नये म्हणून फोन घेऊन अंगणात जाते. बारकी रात्री 'माय कधी येणार' म्हणून रडली तर तिला थोपटते, आणि स्वतःला रडू आलं तर उशीत तोंड खुपसते. याला भावनिक पालकपण म्हणतात, आणि बहुतेक अभ्यासांत दोन्हींपैकी जास्त नुकसान करणारं हेच दिसतं. ते कुणाला दिसत नाही आणि शेजारीण ते वाटूनही घेऊ शकत नाही.

मग हे सगळं वाईटच का?

इथं थांबायला हवं, कारण पाश्चात्त्य पुस्तकं वाचून बीडकडे बघितलं तर प्रत्येक दुसरं घर 'बिघडलेलं' दिसायला लागेल. १९७७ साली थॉमस वाइजनर आणि रोनाल्ड गॅलिमोर या दोघांनी भावंडांनी भावंडं सांभाळण्यावर एक मोठा लेख लिहिला. जगभरातल्या समाजांची माहिती तपासून त्यांनी दाखवलं की लहान मुलाला फक्त आईनंच सांभाळायचं, ही पद्धत माणसांच्या इतिहासात अपवाद आहे. थोरल्या बहिणीच्या कडेवर वाढणं हीच पुष्कळ ठिकाणची रीत. आपल्याकडे हे सांगायला संशोधकाची गरज नाही. 'ताई', 'आक्का' हे शब्द नुसते वयाचे नाहीत, त्यांत अधिकारही आहे आणि जबाबदारीही.

दुसरा पुरावा हवाईतल्या काउआई बेटावरचा. एमी वर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५५ साली तिथं जन्मलेल्या ६९८ मुलांचा अनेक दशकं पाठपुरावा केला. त्यांतली काही मुलं खूपच कठीण घरांतली होती: गरिबी, आईबापांचं भांडण, दारू, आजारपण. तरी त्यांतली साधारण एक तृतीयांश मुलं सक्षम, माणसांत रमणारी, कामात टिकणारी मोठी माणसं झाली. त्यांच्यात काय समान होतं? एक म्हणजे घरात किंवा बाहेर किमान एक भरवशाचं माणूस. दुसरं, त्यांतल्या पुष्कळांवर लहानपणी कुणासाठी तरी खरोखर उपयोगी पडायची वेळ आली होती, जसं धाकट्या भावंडांना सांभाळणं. 'माझ्यावाचून यांचं चालत नाही' ही जाणीव त्या मुलांना मोडत नव्हती, उलट धरून ठेवत होती.

२००७ साली क्रिस्टा गॅस, जेनिफर जेन्किन्स आणि ज्युडी डन यांनी भावंडांच्या मायेवर एक अभ्यास केला. घरावर संकटं आली तेव्हा ज्या मुलांचं भावंडाशी जिव्हाळ्याचं नातं होतं, त्यांच्यात चिंता आणि उदासी कमी वाढली. आईशी नातं कसं आहे, हे बाजूला काढून बघितलं तरी हा फायदा दिसला.

आणि २०११ साली लिसा हूपर आणि सहकाऱ्यांनी तोवरचे अभ्यास एकत्र करून बघितले, की लहानपणचं अकाली पालकपण आणि मोठेपणचे मानसिक त्रास यांचा संबंध किती? संबंध निघाला, पण छोटा. याचा अर्थ 'काही होत नाही' असा घेऊ नका. छोटा सरासरी संबंध असा निघू शकतो की काही जणांचं फार बिघडतं, काही जणांचं काहीच बिघडत नाही, आणि काही जण त्यातून बळकट होतात. तेव्हा खरा प्रश्न हा की कुणाचं काय होतं, ते ठरतं कशावर?

फरक कशानं पडतो

ग्रेगरी जुर्कोविक यांनी १९९७ च्या पुस्तकात यासाठी कसोट्या दिल्या. त्यांतल्या पाच मी आपल्याकडच्या भाषेत मांडतो.

किती दिवस? आई बाळंतपणाला गेली म्हणून दोन महिने, आणि सातवीपासून दहावीपर्यंत दरवर्षी सहा महिने, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. संपायची तारीख माहीत असलेलं ओझं माणूस वेगळ्या तऱ्हेनं उचलतं.

वयाला झेपेल असं आहे का? पंधराच्या मुलीला भाकरी जड नाही. पण रात्री दार वाजलं तर उघडायचं की नाही, हा निर्णय जड आहे. तापानं झटका आलेल्या लेकराला कुठं न्यायचं, हा निर्णय जड आहे.

उघडपणे सोपवलंय का? 'आक्का सांगल तसं ऐकायचं' हे आईनं धाकट्यांसमोर सांगितलं, शेजारच्या काकूला 'लक्ष ठेवा' म्हटलं, सरांना भेटून कल्पना दिली, की त्या मुलीमागं मोठ्यांचा आधार उभा राहतो. न सांगता झालं तर ती एकटी पडते.

कुणाला सांभाळायचंय? धाकट्यांना सांभाळणं एक वेळ निभतं. मोठ्यांना सांभाळणं, म्हणजे पिणाऱ्या बापाला, खचलेल्या आईला, हे मुलाला निभत नाही. त्यात यश येतच नाही, कारण बापाची दारू लेकीच्या प्रयत्नानं सुटत नसते. आणि न आलेल्या यशाचा दोष मूल स्वतःला देतं.

पाचवी कसोटी: कुणी मानतं का? ही नागींची खातेवही. इथं एक अवघड गोष्ट बोलायला पाहिजे. आपण कौतुक भरपूर करतो, पण कौतुक म्हणजे फेड नव्हे. गेवराईच्या शेजारी, गोदाकाठच्या आपेगावच्या कुलकर्ण्यांच्या चार भावंडांची गोष्ट आपण सातशे वर्षं सांगत आलोय. आईबाप गेले, गावानं वाळीत टाकलं, चौघांनी एकमेकांना सांभाळलं. त्या गोष्टीतही मांडे करायला निघते ती मुक्ताच, आणि सगळ्यांत धाकट्या त्या पोरीला आपण मुक्ताई म्हणतो. आई. गोष्ट सुंदर आहे, माझीही आवडती आहे. पण 'किती समंजस पोरगी, अगदी आईसारखी' असं म्हणून आपण जेव्हा निघून जातो, तेव्हा तिला आणखी समंजस राहायला भाग पाडतो. अशी मुलगी मग 'मला जमत नाही' हे वाक्य कुणाकडे बोलणार?

घरातच धोका असेल तेव्हा

आतापर्यंत बोललो ते लांब असलेल्या आईबापांबद्दल. पण अशीही घरं आहेत जिथं मोठं माणूस घरात आहे आणि त्याच्यामुळंच अडचण आहे. बाप पितो, मारतो. किंवा आई इतकी खचलेली की उठतच नाही. ऊसतोडीचं घर असो नसो, हे कुठंही असतं.

तिथं थोरलं मूल जे करतं त्याला फक्त सांभाळणं म्हणून भागत नाही. ते राखण करत असतं. गाडीच्या आवाजावरून बाप किती पिऊन आलाय ते ओळखणं. भांडण चढायच्या आत धाकट्यांना मागच्या दारानं शेजारी पाठवणं. मधे उभं राहणं. स्वतःवर ओढवून घेणं. अशा मुलांचं शरीर सतत सावध राहायला शिकतं. झोप पातळ होते, आवाजाला दचकतात, वर्गात लक्ष नसतं, नाहीतर सगळ्यांवर खेकसतात. शिक्षकाला वाटतं, उद्धट झालीय. खरं तर ती शाळेत बसूनही घराकडे कान लावून असते.

आणि ही मुलं बोलत नाहीत. घराण्याची अब्रू हे कारण आहेच, पण दुसरं कारण जास्त व्यावहारिक आहे. बोललं तर कुणीतरी येईल आणि आम्हाला वेगवेगळं करेल, ही भीती. ज्या धाकट्यासाठी एवढं सोसलं, त्यालाच मदतीच्या नावाखाली दूर नेलं तर? भावंडं वेगळी झाली की थोरल्याला सुटल्यासारखं वाटत नाही, तो रात्रंदिवस धाकट्याच्या काळजीत राहतो. म्हणून मदत करणाऱ्यानं पहिलं आश्वासन द्यायला हवं ते हे: 'तुम्ही एकत्र राहाल असंच आपण बघू.' आणि दिलं तर पाळायला हवं.

योजना मुलं मोजतात, भावंडं मोजत नाहीत

वरचं जुळवलेलं घर पुन्हा घ्या: पंधरा, दहा आणि चार. सरकारकडे या तिघांसाठी काय आहे?

दहाच्या मुलासाठी हंगामी वसतिगृह. आईबाप स्थलांतर करतात तेव्हा मूल गावातच राहावं, शाळा सुटू नये म्हणून ही सोय, शिक्षण हक्काच्या ६ ते १४ या वयाला धरून आखलेली. चारच्या मुलीसाठी अंगणवाडी, तीही काही तासांची. पंधराची मुलगी १४ च्या पुढे गेलेली. तिच्यासाठी तालुक्याच्या ठिकाणी वसतिगृह. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी २०२१ साली राज्य सरकारनं संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना मंजूर केली, ४१ तालुक्यांत मिळून ८२ वसतिगृहं, मुलांची वेगळी, मुलींची वेगळी. योजना चांगली आहे, हवीच होती. पण थोरली वसतिगृहात गेली तर बारकीला कोण बघणार? प्रत्येक योजना एकेक मूल उचलते. ही तिघं मात्र एकमेकांत अडकवलेली आहेत. त्यामुळे थोरलीला जागा मिळूनही ती घ्यायची की नाही, हे ठरतं चार वर्षांच्या मुलीच्या सोयीवर.

फडाच्या बाजूलाही तीच गत. १९४८ च्या कारखाना कायद्यानं तीसहून जास्त बायका कामाला असलेल्या कारखान्यात पाळणाघर बंधनकारक केलं. पण ऊस तोडणारी बाई कारखान्याची कामगार म्हणून कागदावर येत नाही, ती मुकादमाच्या टोळीतली. म्हणून फडाजवळ पाळणाघर नाही, आणि पाळणाघर नाही म्हणून थोरलं लेकरू सोबत न्यायचं किंवा मागं ठेवायचं. नव्वदच्या दशकापासून चाललेल्या साखर शाळांच्या प्रयोगांनाही हीच अडचण यायची. शाळेत आलेल्या मुलीच्या कडेवर तान्हं असायचंच.

माझ्या मते, थोरलीची शाळा वाचवायचा सगळ्यांत सरळ रस्ता धाकटीच्या पाळणाघरातून जातो. दहावीच्या मुलीसाठी जादा तास घेण्याआधी तिच्या बहिणीसाठी संध्याकाळपर्यंत उघडी राहणारी जागा करा.

आणि लग्न

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार बीडमध्ये २० ते २४ वयाच्या बायकांपैकी सुमारे ४४ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. राज्याचं प्रमाण सुमारे २२ टक्के. कारणं अनेक आहेत, पण एक कारण पालक स्वतःच उघड सांगतात: वयात आलेली पोर सहा महिने एकटी कशी ठेवायची? म्हणून हंगामाआधी लग्न उरकतात. मग ती सासरच्या बाजूनं नवा कोयता होऊन फडात जाते.

या सगळ्यात एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. तिच्या जाण्यानं माहेरची जागा रिकामी होते, पण काम तिथंच राहतं. मग मधल्या बहिणीचा नंबर लागतो, आणि ती अकरा-बारा वर्षांची असू शकते. एक बालविवाह दोन मुलींचं शिक्षण असं थांबवू शकतो.

दोष कुणाचा?

'दुर्लक्ष' या शब्दाकडे आता येतो. २०१५ च्या बालन्याय कायद्यात 'काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं मूल' ही कल्पना आहे. तिचा फायदा असा की मुलाला मदत द्यायला आईबापांना गुन्हेगार ठरवावं लागत नाही, मुलाची गरज दिसली की पुरे. त्याच कायद्याचं ७५ वं कलम मुलाच्या हेतुपुरस्सर हेळसांडीला शिक्षा देतं. पण आपल्या आवाक्याबाहेरच्या परिस्थितीमुळे जन्मदात्यांनी मूल सोडलं असेल तर ते हेतुपुरस्सर मानायचं नाही, असंही त्यात लिहिलंय. उचलीत अडकलेली आई आणि पिऊन मारणारा बाप यांना एकाच शब्दात बसवणं मला बरोबर वाटत नाही. पण मुलाच्या बाजूनं एक गोष्ट दोन्हीकडे सारखीच असते. रात्री तीन लेकरं झोपलेली असतात आणि जागं राहायची जबाबदारी त्यांतल्याच एकाची असते.

तुम्ही काय करू शकता

शिक्षक असाल तर दिवाळीनंतर प्रत्येक मुलाला एकच प्रश्न विचारा: 'सध्या घरी कोण कोण असतं?' 'आईवडील काय करतात' यापेक्षा या प्रश्नातून जास्त कळतं. उशिरा येणारी, मधल्या सुट्टीनंतर गायब होणारी, गृहपाठ न करणारी थोरली मुलगी दिसली तर शिक्षेआधी हे विचारा.

शेजारी असाल तर काम वाटून घ्या, आणि एखादा निर्णयही वाटून घ्या. 'रात्री काही झालं तर आधी मला हाक मार' हे एक वाक्य भाकरीच्या दुरडीपेक्षा जास्त उपयोगी पडतं. वर्नर ज्या 'एका भरवशाच्या माणसा'बद्दल बोलतात, ते माणूस होणं इतकं साधं असू शकतं.

आईबाप असाल आणि जाणं भाग असेल, तर निघण्याआधी सगळ्यांसमोर सांगून जा: थोरलीकडे काय, तिच्याकडे काय नाही, आणि अडलं तर कुणाकडे जायचं. फोनवर धाकट्यांची खुशाली विचारून झाली की शेवटी तिचंही विचारा: 'आणि तू गं? तू कशी हायेस?'

गावात ग्राम बाल संरक्षण समिती असते, सरपंच तिचे अध्यक्ष आणि अंगणवाडी सेविका सचिव. हंगामाआधी या समितीनं एक बैठक घेऊन मागं राहणाऱ्या लेकरांची यादी केली, आणि ती घरवार केली, म्हणजे भावंडं एका ओळीत लिहिली, तर कोणत्या घरात मोठं माणूस नाही ते एका कागदावर दिसेल. मारहाण, अत्याचार, बालविवाह असं काही दिसलं तर १०९८ हा मुलांसाठीचा मोफत नंबर चोवीस तास चालतो, आणि जिल्ह्याच्या बालकल्याण समितीकडे कुणीही जाऊ शकतं. आई किंवा बाप वारलेला, गंभीर आजारी असेल तर क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेतून मुलामागे महिना २,२५० रुपये मिळतात. अर्ज करायला त्या मुलीला मोठ्या माणसाची सोबत लागते. ती द्या.

आणि हे वाचणारे तुम्ही स्वतःच ती थोरली किंवा थोरला असाल, आता मोठे झालेले असाल, तर एवढंच: जे केलंत ते काम होतं. कुणी वहीत लिहिलं नाही म्हणून ते नव्हतं असं होत नाही. तुमच्या धाकट्यांना आज विचारून बघा, त्यांना आठवत असतं.

पुढच्या पोस्टमध्ये धाकट्यांच्या बाजूनं लिहिणार आहे. भावंडाच्या हातून वाढलेलं मूल मोठेपणी 'आई' कुणाला म्हणतं, यावरही बरंच संशोधन आहे.